पंचवीस घरे, पंचवीस दिवे : बेळगाव–निपाणी सीमाभाग, चौकाबारा आणि वर्गातील लहान संगणक

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास बहुधा मोठ्या यंत्रांचा आणि मोठ्या शहरांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. शाळेच्या बाकावर मावणाऱ्या, हाताच्या पंजापेक्षा लहान अशा यंत्रांचा इतिहास त्यामानाने कमी लिहिला गेला आहे. त्यातही या यंत्रांवर मुले पहिल्यांदा काय करतात, याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. मुले खेळ तयार करतात, आणि तोही बहुधा दोघांनी खेळायचा. असे का होते, त्यामागे कोणती परंपरा आहे आणि कन्नड, मराठी व उर्दू या तीन माध्यमांच्या शाळा असलेल्या बेळगाव–निपाणी परिसरात या गोष्टीला कोणता अर्थ आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. दोघांच्या खेळाची आज्ञावली लिहिणे म्हणजे मुळात दोघांना समान लागू पडणारा नियम नेमक्या शब्दांत मांडणे होय. हे काम जितके तंत्राचे आहे तितकेच भाषेचे आहे. म्हणून भाषेच्या शिक्षकालाही त्यात स्थान आहे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

प्रतिस्पर्धी यंत्र आणि पंच यंत्र

खेळाचे नियम लिहून ठेवणे ही विद्वानांची जुनी प्रवृत्ती आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात बुद्धिबळ, फासे आणि कवड्यांचे खेळ यांना स्वतंत्र स्थान आहे. बगदादमध्ये नवव्या शतकात अल-अदली आणि दहाव्या शतकात अल-सूली यांनी शतरंजवर ग्रंथ लिहिले. ज्या अल-ख्वारिझ्मीच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला, तोही नवव्या शतकातील बगदादचाच. एकेक पायरी क्रमाने सांगत उत्तरापर्यंत नेणारी रीत आणि खेळाचा नियम यांचे नाते असे जुने आहे.

इलेक्ट्रॉनिक यंत्रे आल्यावर या नात्याला दोन फाटे फुटले. इंग्लंडमधील फेरांटी कंपनीने १९५१ साली ‘निमरॉड’ नावाचे यंत्र प्रदर्शनात मांडले. ते ‘निम’ हा खेळ प्रेक्षकांशी खेळे. १९५२ साली केंब्रिज विद्यापीठात ए. एस. डग्लस यांनी ‘एडसॅक’ संगणकावर फुली-गोळ्याचा खेळ तयार केला. खेळाडू टेलिफोनची तबकडी फिरवून आपले घर सांगे. या दोन्ही ठिकाणी यंत्र हे माणसाचे प्रतिस्पर्धी होते.

दुसरा फाटा वेगळा आहे. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी पाहुण्यांसाठी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा खेळ उभा केला. १९६२ साली एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्पेसवॉर’ हा खेळ पूर्ण केला. या दोहोंत दोन माणसे एकमेकांविरुद्ध खेळत. यंत्र मैदान पुरवी आणि पंचाचे काम करी. ‘स्पेसवॉर’ची एक हकिकत येथे महत्त्वाची आहे. सुरुवातीला खेळाडूंना संगणकाच्या फलकावरील खटके वापरावे लागत. तेथे बसणाऱ्या एकाला पडदा सरळ दिसे, दुसऱ्याला तिरका. खेळ बरोबरीचा होत नाही हे लक्षात आल्यावर ॲलन कोटोक आणि बॉब सॉन्डर्स यांनी दोघांसाठी वेगळी नियंत्रणपेटी तयार केली. दोन खेळाडू समोरासमोर आले की यंत्र बांधणाऱ्याला न्यायाचा प्रश्न टाळता येत नाही, हे यावरून दिसते.

शिक्षणाच्या दृष्टीने हा फरक मोलाचा आहे. यंत्राला प्रतिस्पर्धी करायचे तर त्याला डावपेच शिकवावे लागतात. यंत्राला पंच करायचे तर फक्त नियम सांगावा लागतो. नवशिक्या विद्यार्थ्यासाठी दुसरा मार्ग सोपा आहे, आणि त्यात शेजारी बसलेला वर्गमित्र हा खेळाचा आवश्यक भाग असतो.

लहान यंत्राची वाटचाल

प्रक्रिया करणारा भाग, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी जोडणी एकाच चिपवर सामावणाऱ्या घटकाला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीएमएस १००० हा असा घटक १९७४ साली बाजारात आला व पुढे खेळण्यांतही वापरला गेला. १९८० साली इंटेलने ८०५१ ही चिप आणली. तिच्यात तात्पुरती स्मृती अवघी १२८ बाइट होती. तरीही भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी तिच्यावरच हात बसवत आले.

भारतीय शाळांत संगणक पोहोचवण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९८४ साली ‘क्लास’ या नावाने झाला. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या व इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या या योजनेत पहिल्या टप्प्यात २५० शाळा घेण्यात आल्या. त्यासाठी निवडलेले यंत्र होते इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचे ‘बीबीसी मायक्रो’. यंत्रे मोजकी होती, शिक्षकांचे प्रशिक्षण अल्प मुदतीचे होते आणि शिकवण्याची सामग्री मुख्यतः इंग्रजीत होती. त्यामुळे प्रादेशिक भाषांच्या शाळांना या प्रयत्नाचा लाभ मर्यादितच झाला.

२००५ साली इटलीतील इव्रिया येथे ‘आर्डुइनो’ हा स्वस्त आणि खुल्या आराखड्याचा फलक जन्मास आला. २०१६ साली बीबीसीने इंग्लंडसह संपूर्ण ब्रिटनमधील सातवीच्या सुमारे दहा लाख मुलांसाठी ‘मायक्रोबिट’ हा छोटा फलक मोफत वाटला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत १६ किलोबाइट तात्पुरती स्मृती, दोन बटणे, बिनतारी संदेशाची सोय आणि पाच ओळींत पाच याप्रमाणे २५ दिवे होते. ज्या एकॉर्न कंपनीचे यंत्र ‘क्लास’ योजनेत भारतात आले, तिनेच ‘आर्म’ या प्रोसेसरची मूळ रचना केली होती, आणि मायक्रोबिटमध्ये त्याच घराण्यातील प्रोसेसर आहे. १९८४ मधील शाळेचा संगणक आणि आजचा तळहातावरचा फलक हे असे एकाच कुळातले आहेत.

भारतात २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब योजनेने सहावी ते बारावीच्या शाळांत असे फलक पोहोचवण्यास सुरुवात केली. निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठरले. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांत अशा ५० हजार प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. म्हणजे यंत्राचा तुटवडा हळूहळू कमी होईल. यंत्र आल्यावर ते कोणत्या भाषेत शिकवायचे, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

सीमाभागाची भाषिक स्थिती

१९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतरचा सीमावाद, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा हे सर्वांस ज्ञात आहे. त्या वादात न शिरताही एक शैक्षणिक वास्तव सांगता येते. निपाणीसारख्या तंबाखूच्या व्यापारावर आणि विडीच्या कामावर वाढलेल्या गावात एखादे मूल घरी दक्खिनी बोलते, बाजारात मराठी बोलते, कचेरीत कन्नड ऐकते आणि महाविद्यालयात गेल्यावर इंग्रजीत लिहिते. निपाणीतील जी. आय. बागेवाडी महाविद्यालय कर्नाटकात, तर गावाला लागून असलेल्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रात आहे. एकाच आळीतील दोन मित्र दोन राज्यांच्या विद्यापीठांत शिकू शकतात.

कर्नाटक शासन शालेय पाठ्यपुस्तके कन्नडबरोबरच मराठी व उर्दू माध्यमांतही काढते. तांत्रिक शिक्षणाची वाट मात्र इंग्रजीतूनच जाते. १९९८ साली बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ स्थापन झाले. संपूर्ण राज्याच्या अभियांत्रिकी शिक्षणाचे केंद्र या शहरात आले आणि त्याच्या इलेक्ट्रॉनिक्स शाखांत मायक्रोकंट्रोलर हा विषय शिकवला जाऊ लागला. पण त्याच शहरातील उर्दू व मराठी माध्यमाच्या मुलाला ती विद्या बारावीनंतर, आणि तीही परक्या भाषेत भेटते. तोपर्यंत ‘हे आपले काम नव्हे’ अशी त्याची समजूत पक्की झालेली असते. खरे नुकसान येथे होते. बुद्धीत तो कमी नसतो; त्याला नियम आपल्या भाषेत मांडून पाहण्याची संधी वेळेवर मिळालेली नसते.

चौकाबारा : जुना पट, नवा फलक

या परिसरात पाच-पाच घरांच्या पाच ओळी आखून खेळला जाणारा एक जुना खेळ आहे. कन्नडमध्ये त्याला चौकाबारा म्हणतात, तेलुगूत अष्टाचम्मा, तर महाराष्ट्रात चल्लस-आठ. खडूने किंवा कोळशाने जमिनीवर पट आखायचा आणि चार कवड्या टाकायच्या. कवड्या नसतील तर चिंचोके फोडून त्यांची अर्धुके वापरायची. जितक्या कवड्या उताण्या तितके दान. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ, आणि या दोन्ही दानांवर पुन्हा टाकण्याची संधी मिळते. चारी बाजूंची मधली घरे आणि केंद्राचे घर यांवर फुली असते. तेथे सोंगटी मारली जात नाही. घरोघर आणि गावोगाव नियमांत थोडाफार फरक आढळतो.

पटावर २५ घरे असतात आणि मायक्रोबिटवर २५ दिवे. हा योगायोग असला तरी शिक्षकाच्या फार उपयोगाचा आहे. प्रत्येकी एकच सोंगटी घेऊन दोघांचा खेळ लिहायचा ठरवले, तर यंत्राला लक्षात ठेवाव्या लागणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत : पहिल्याची सोंगटी कितव्या पावलावर आहे, दुसऱ्याची कितव्या, पाळी कोणाची आणि दान किती पडले. एकाची सोंगटी स्थिर दिव्याने दाखवायची, दुसऱ्याची लुकलुकत्या दिव्याने. एक बटण दान टाकण्यासाठी पहिल्याचे, दुसरे दुसऱ्याचे.

मार्ग असा आहे. खालच्या बाजूच्या मधल्या घरातून निघून सोंगटी बाहेरच्या १६ घरांची फेरी उजवीकडून वर अशी घेते, मग आतल्या आठ घरांत उलट दिशेने फिरते आणि शेवटी केंद्रात जाते. सुरुवातीच्या घरापासून केंद्रापर्यंत २४ पावले होतात. दुसरा खेळाडू वरच्या बाजूच्या मधल्या घरातून निघतो. त्याचा मार्ग वेगळा लिहावा लागेल असे मुलांना प्रथम वाटते. घरांना डावीकडून, वरच्या ओळीपासून ० ते २४ असे क्रमांक दिले की एक सोपी गोष्ट हाती लागते : पहिल्याच्या कोणत्याही घराचा क्रमांक २४ मधून वजा केला की दुसऱ्याचे त्याच पावलाचे घर मिळते. पहिला २२ क्रमांकाच्या घरातून निघतो, दुसरा २ क्रमांकाच्या. केंद्र १२ क्रमांकाचे, आणि ते दोघांचेही तेच. एक यादी आणि एक वजाबाकी एवढ्यात दोघांचे मार्ग पूर्ण होतात. मार्ग दोघांना समान आहे याचा पुरावाही त्याच वजाबाकीत असतो.

उर्दू माध्यमाचा विद्यार्थी उजवीकडून वाचतो. त्याने क्रमांक उजवीकडून दिले तर काय होईल? प्रत्येक घराचा क्रमांक बदलतो, पण दोन्ही मार्गांचे नाते बदलत नाही. २४ मधून वजाबाकी तेव्हाही तशीच लागू पडते. दिवा पेटवण्याच्या वेळी तेवढा यंत्राचा डावीकडचा क्रम सांभाळावा लागतो. मराठी आणि उर्दू माध्यमाच्या दोन मुलांनी आपापल्या वहीत दोन्ही बाजूंनी आकडे घालून हे पडताळून पाहावे, यासारखा सममितीचा धडा दुसरा नाही.

दानाचा हिशेब आणि पहिल्या डावाचा प्रश्न

आज्ञावली लिहिताना मुले एक चूक हमखास करतात. दाने पाच आहेत, १, २, ३, ४ आणि ८. म्हणून पाचांपैकी कोणतेही एक यंत्राने समान शक्यतेने निवडावे, असे ती लिहितात. खेळ चालतो, पण तो चौकाबारा राहत नाही. कवडी उताणी किंवा पालथी पडण्याची शक्यता सारखी धरली, तर चार कवड्यांच्या १६ शक्यतांपैकी एक उताणी चार वेळा, दोन उताण्या सहा वेळा, तीन उताण्या चार वेळा, सर्व उताण्या एकदा आणि सर्व पालथ्या एकदा येतात. सरासरी दान अडीच पडते. पाचही दाने समान केली की सरासरी ३.६ होते. पुन्हा टाकण्याची संधी आठांत एकदा मिळायची, ती पाचांत दोनदा मिळू लागते. उपाय सोपा आहे. यंत्राला दान निवडायला सांगायचे नाही. चार वेळा ‘उताणी की पालथी’ एवढेच विचारायचे, उताण्या मोजायच्या आणि शून्य आले तर आठ धरायचे. म्हणजे यंत्रानेही कवड्याच टाकायच्या. खऱ्या कवडीचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. म्हणून वर्गात शंभर वेळा खऱ्या कवड्या टाकून नोंद ठेवावी आणि ती या हिशेबाशी ताडून पाहावी. त्यातून संख्याशास्त्राचा पहिला पाठ होऊन जातो.

दुसरा प्रश्न पहिल्या पाळीचा. ‘दिवा लागल्यावर जो आधी बटण दाबेल त्याची पाळी पहिली’ असा नियम मुलांना आवडतो. ती लिहितात : ए बटण दाबले असेल तर पहिल्याची पाळी, नाहीतर बी दाबले असेल तर दुसऱ्याची. ही रचना निर्दोष वाटते. पण यंत्र बटणे एकापाठोपाठ एक तपासते. एकाच तपासणीच्या फेरीत दोन्ही बटणे दाबलेली आढळली, तर ‘नाहीतर’ या शब्दापर्यंत यंत्र पोहोचतच नाही आणि पाळी दर वेळी पहिल्याला जाते. दुसऱ्याची तक्रार खरी असते, मात्र तिचे कारण डोळ्यांना दिसत नाही. नियम असा लिहावा लागतो : प्रथम दोन्ही बटणांची स्थिती एकदमच टिपून ठेवा, दोन्ही दाबलेली असतील तर बरोबरी समजून पुन्हा दिवा लावा, एकच दाबलेले असेल तरच निर्णय द्या. दिवा लागण्याआधी दाबणाऱ्याचे काय, हेही आधीच ठरवावे लागते.

पक्षपात कोणाच्या मनात नव्हता; तो वाक्याच्या क्रमात होता. ज्याचे नाव नियमात आधी आले त्याला लाभ झाला. कायदा, वाटणीपत्र किंवा संस्थेची घटना लिहिणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. मुलांना तो दोन बटणांच्या खेळातून, बाराव्या-तेराव्या वर्षी मिळतो.

भाषा आणि शिक्षक

पंचवीस दिव्यांवर देवनागरीची जोडाक्षरे किंवा नस्तालीकची वळणे मावत नाहीत. या मर्यादेचा एक फायदा असा की खेळ सुरू झाल्यावर पडद्याला कोणतीच भाषा नसते. कन्नड, मराठी आणि उर्दू माध्यमांची मुले तो एकाच वेळी खेळू शकतात. भाषा लागते ती खेळाच्या आधी, नियम ठरवताना. ‘मारलेली सोंगटी कोठे जाते?’, ‘केंद्रात शिरायला नेमके दान हवे की जास्त चालेल?’, ‘आठ पडल्यावर पुन्हा आठ पडले तर?’ या प्रश्नांवर दोन घरांच्या रीतींत मतभेद निघतात आणि मुलांना ते शब्दांत सोडवावे लागतात. आज्ञावलीतील ‘इफ’ आणि ‘एल्स’ हे शब्द इंग्रजी असले तरी ते संख्येने फार थोडे आहेत आणि आठवड्याभरात परिचित होतात. ‘जर–तर–नाहीतर’ किंवा ‘अगर–तो–वरना’ ही रचना मुलांना आधीपासूनच येत असते. आधी नियम मातृभाषेत क्रमवार लिहून घ्यावा, तो वाचून एका मुलाने यंत्राप्रमाणे शब्दशः वागावे, अडेल तेथे वाक्य दुरुस्त करावे आणि मगच फलक हाती द्यावा, हा क्रम सीमाभागातील शाळांस आणि कम्युनिटी कॉलेजांस विशेष सोयीचा आहे. पट आणि कवड्या असल्या की फलक नसतानाही यातील बराच भाग शिकवता येतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिकपूर्व टप्प्यापासून संगणकीय आज्ञालेखनाचे उपक्रम सुचवले आहेत आणि सुरुवातीच्या इयत्तांत मातृभाषेच्या माध्यमावर भर दिला आहे. या दोन शिफारशी बहुधा वेगवेगळ्या वाचल्या जातात. दोघांच्या खेळाचा नियम लिहिताना त्या एकाच तासात एकत्र येऊ शकतात.

समारोप

‘निमरॉड’पासून मायक्रोबिटपर्यंतच्या वाटचालीत यंत्रे लहान होत गेली, स्वस्त झाली आणि मुलांच्या हातात आली. दोन खेळाडूंनी उभा केलेला प्रश्न मात्र बदलला नाही : नियम दोघांना सारखा आहे काय? १९६२ साली त्याचे उत्तर दोन नियंत्रणपेट्यांनी दिले गेले. आजच्या वर्गात ते एका वजाबाकीने, चार कवड्यांच्या मोजणीने आणि बटणे एकदम तपासणाऱ्या एका वाक्याने देता येते. सीमाभागातील उर्दू व मराठी माध्यमाच्या मुलांना चौकाबारा आधीच येतो. त्याचे नियम त्यांच्याच भाषेत नेमके लिहून घेण्यास विज्ञानशिक्षकाची वाट पाहण्याचे कारण नाही. भाषेच्या तासालाही ते काम सुरू करता येईल, आणि तसे झाले तर पुढे प्रयोगशाळेत ठेवलेले फलक कपाटात पडून राहण्याची शक्यता पुष्कळ कमी होईल.